सवड कोणाची?

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार
उद्या शाळेच्या दोन खोल्यांची आखणी. घाटाकडचं गाव, पाऊस लवकर येतो आणि उशिरा जातो. १६ जूनला शाळा भरणार, त्याआधी खोल्या ताब्यात द्यायच्या.

दिवसभर बसून कामं लिहून काढली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न टाकला: हे सुरू व्हायच्या आधी काय संपलेलं असायला हवं? उत्तरं बाणांनी जोडली की नेटवर्क तयार होतं. खोदाई ६ दिवस, जोत्यापर्यंतचा पाया १६, कॉलम ७, स्लॅबचं सेंटरिंग आणि सळईकाम १२, स्लॅब टाकायला १, टेकू ठेवायचे १४, वीटकाम १२, आतला गिलावा ९, फरशी ८, रंग ६. बेरीज ९१. ही साखळी सगळ्यांत लांब, म्हणून हाच क्रिटिकल पाथ. यातलं काहीही एक दिवस लांबलं की अख्खं काम एक दिवस लांबतं.

बाकीची कामं बाजूने चालतात. जोत्यातला भराव ५ दिवसांचा, तो कॉलमच्या ७ दिवसांत बसतो, म्हणजे सवड (फ्लोट) २. तो दाबून पक्का झाल्याशिवाय सेंटरिंगचे टेकू उभे करता येत नाहीत, नाहीतर ओल्या स्लॅबच्या वजनाने टेकू खचतील. बाहेरचा गिलावा ८ आणि बाहेरचा रंग ४, सवड ११. दारं-खिडक्यांच्या चौकटी तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून यायच्या. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, सगळं जमलं तर १२ दिवस, एरवी १८, वीज आणि पत्रा दोन्ही दगा देतील तर ३६. पर्ट या आखणीच्या रीतीतल्या तीन अंदाजांच्या सूत्राने १२, अठराची चौपट ७२ आणि ३६ यांची बेरीज १२०, भागिले ६. वीस दिवस धरले. चौकटी लागणार ५६ व्या दिवसानंतर वीटकामाला. सवड ३६.

रात्री तेच सगळं बार चार्टवर उतरवलं. मंगळवार गावच्या बाजाराचा, तो कोरा. धुळवडीचे दोन दिवस कोरे, पाडवा कोरा. शेवटची पट्टी ४ जूनला संपते.

१६ मार्च, रविवार
पाया संपला. धुळवडीला गेलेले बिगारी आज सकाळी परतले.

चौकटींची ऑर्डर मात्र आजवर दिली गेली नव्हती. आमच्या कंत्राटदार मालकांचं म्हणणं, “मॅडम, तुमच्याच कागदावर छत्तीस दिवस मोकळे आहेत. आगाऊ रक्कम आत्ताच कशाला गुंतवू?” हिशेब त्यांच्या बाजूने बरोबर. पण छत्तिसातले २२ त्यात गेले, उरले १४. संध्याकाळी फॅब्रिकेटरला फोन केला. त्यालाही ठाऊक होतं की माल एप्रिलच्या शेवटी लागणार, म्हणून तो निवांत. एकाच शंभराच्या नोटेवर दोघांनी आपापला खर्च मांडावा तसं झालं.

फ्लोट हा आकडा कामापुढे लिहिलेला असतो, म्हणून ज्याच्या हातात काम त्याला तो आपला वाटतो. खरं तर तो साखळीचा. जो आधी पोहोचतो तो खर्च करतो आणि टंचाई शेवटच्याच्या वाट्याला येते. फॅब्रिकेटरला आता २० एप्रिल ही तारीख दिली आहे. चौदातले काही दिवस मी माझ्याजवळ ठेवले.

१० एप्रिल, गुरुवार
स्लॅब पडला. सकाळी सातला मिक्सर सुरू झाला, संध्याकाळी साडेपाचला शेवटची पाटी. रात्री उशिरा कडेने सिमेंट-वाळूची आळी घालायला सांगितली, उद्यापासून पाणी साठवायचं.

परवा गावची जत्रा. आय.एस. ४५६ प्रमाणे, साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू १४ दिवस काढायचे नाहीत, तेही साध्या पोर्टलंड सिमेंटला. त्या चौदा दिवसांत माणसांचं काम जवळजवळ नाहीच. जत्रा त्यात पडावी म्हणूनच मार्चमध्ये सेंटरिंगवाल्यांच्या मागे लागले होते. सगळे पालखीला गेले तरी एक दिवसही वाया जाणार नाही, फक्त आळ्यांत पाणी भरायला एक माणूस हवा. वॉचमनने ती जबाबदारी घेतली.

१३ एप्रिल, रविवार
साइटवर शुकशुकाट. कॉलेजच्या जुन्या वह्या चाळल्या.

पट्ट्यांचा तक्ता हेन्री गँट या अमेरिकी इंजिनिअरच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धात शस्त्रांच्या कारखान्यांपासून जहाजबांधणीपर्यंत त्याचे तक्ते वापरले गेले. पोलंडचा कारोल अदामेत्स्की त्याच्याही आधी, १८९६ च्या सुमाराला, अशाच प्रकारचा तक्ता करत होता, पण तो छापला गेला १९३१ मध्ये. दोघांच्या तक्त्यांत काम कधी सुरू आणि कधी संपणार ते डोळ्यांना लगेच दिसतं. एक पट्टी पुढे ढकलली तर बाकी कोणत्या ढकलाव्या लागतील, हे गँटचा तक्ता सांगत नाही.

ती गरज १९५० च्या दशकाअखेरीस निकडीची झाली. १९५७ मध्ये ड्यूपॉन्टचा मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांची उभारणी आणि दुरुस्ती संगणकावर आखण्यासाठी क्रिटिकल पाथची रीत बसवली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट काढलं. तीन अंदाजांचं सूत्र तिथलं. जुलै १९६० मध्ये पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलारिस सुटलं आणि पर्टचा बोलबाला झाला. हार्वे सापोल्स्कीने १९७२ च्या त्याच्या पुस्तकात मात्र निराळंच मांडलं. त्याच्या मते पर्टचे भले मोठे तक्ते बाहेरच्यांची ढवळाढवळ थोपवायला जास्त उपयोगी पडले. वाचून हसू आलं. मालकांच्या टेबलावर माझा तक्ता कशासाठी लावलेला असतो, तेही लक्षात आलं.

२४ एप्रिल, गुरुवार
चौकटी काल संध्याकाळी आल्या. टेकू उद्या निघतील आणि वीटकामाला वाट मोकळी होईल.

७ मे, बुधवार
वीटकाम उद्या संपेल. त्यापुढे पेच आहे.

नेटवर्कमध्ये आतला आणि बाहेरचा गिलावा वीटकामानंतर एकाच दिवशी सुरू होतात, दोन स्वतंत्र बाण. बार चार्टला आज आणखी एक ओळ जोडली: गवंडीकाकांची टोळी. त्या ओळीत दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या. टोळी एकच. दुसरी मिळते का ते पाहिलं, पण मे महिन्यात सगळ्या गुंतलेल्या. म्हणजे बाहेरच्या गिलाव्यापुढे मीच लिहिलेले ते ११ दिवस हात मोजल्यावर शिल्लकच राहत नाहीत. नेटवर्क काढताना गृहीत असतं की माणसं लागतील तितकी मिळतील, आणि सवड त्यातून निघते.

एका टोळीने दोन्ही करायचे, तर आधी कुठला? पुस्तकी उत्तर सोपं. आतला क्रिटिकलवर, त्याला आधी हात द्या. बाहेरचा नंतर झाला तरी चालतं. मालकही तेच म्हणाले. काका मात्र ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, “मॅडम, आधी भायेरचं उरकू. आतलं काय, स्लॅबखाली कवाबी व्हतंय. वळीव आला की भायेरचं वाहून जातंय.”

दोन्ही क्रम मांडून पाहिले. आधी आतला, तर बाहेरचा १९ तारखेला सुरू होऊन २८ मेला संपतो. रंग धरून सगळं काम ४ जूनलाच. आधी बाहेरचा, तर तो १७ मेला हातावेगळा, आतला २८ मेला, फरशी ६ जूनला, आतला रंग १३ जूनला. म्हणजे क्रिटिकल पाथ जाणूनबुजून आठ कामाच्या दिवसांनी लांबवायचा, पण शाळा भरायच्या आत संपवायचा. बाहेरच्या रंगाला यात जागाच नाही, तो दिवाळीच्या सुट्टीत.

मालकांना दोन्ही तक्ते शेजारी ठेवून दाखवले. पहिल्यात जे काम पावसात बिघडतं ते मागे होतं. दुसऱ्यात जे काम पावसात चालतं ते मागे. त्यांनी दुसऱ्यावर सही केली आणि वर बजावलं, “तेरा म्हणजे तेरा.”

११ मे, रविवार
हवामान खात्याने काल जाहीर केलं की मान्सून २७ मेच्या सुमाराला केरळात येईल, नेहमीच्या १ जूनच्या आधी. वाचल्याबरोबर फरशीच्या ट्रकची तारीख अलीकडे ओढली. गावापर्यंतचा शेवटचा रस्ता मातीचा आहे, चिखलात भरलेला ट्रक येणार नाही. फरशी दहा दिवस आवारात पडून राहील, राहू दे.

२६ मे, सोमवार
गेला आठवडाभर पाऊस. मान्सून केरळात २४ तारखेला आला आणि आज मुंबई-पुण्यातही पोहोचल्याचं हवामान खात्याने सांगितलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी.

बाहेरच्या भिंती १७ तारखेपासून उभ्या आहेत, गिलावा टणक. पावसाने फुकटचं क्युरिंग केलं. आत काकांची टोळी शेवटच्या भिंतीवर आहे. ओली वाळू नको म्हणून ताडपत्रीखालून घमेली भरून आणतात.

मुख्याध्यापिका बाई छत्री घेऊन डोकावल्या. “पावसात थांबलं नाही का काम?” भिंतीला लावलेल्या तक्त्यावरची फरशीची पट्टी दाखवली. २९ मेला सुरू, जिथल्या तिथे.

१३ जून, शुक्रवार
आतला रंग दुपारी संपला. ओलसर हवेत डिस्टेंपर नीट वाळत नाही, म्हणून यंदापुरता चुना मारला. बाईंना किल्ल्या दिल्या.

फेब्रुवारीतला तक्ता आणि प्रत्यक्ष झालेला तक्ता शेजारी ठेवून पाहिला. चौकटींची ३६ दिवसांची सवड संपली, बाहेरच्या गिलाव्याची ११ दिवसांची मुळात नव्हतीच. पुढचं काम ओढ्यावरच्या मोरीचं आहे. त्याच्या यादीत सवडीच्या रकान्याला लागून आज आणखी दोन रकाने आखले. पहिल्यात लिहायचं की हे काम नेमकी कुठली टोळी करणार. दुसऱ्यात, यातला एक दिवस घ्यायचा असेल तर आधी कोणाला विचारायचं.