पद्मतीर्थाच्या काठीं एक परदेशी बेत

वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिला तो याच नगरांत. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन यानें महाराष्ट्री प्राकृतांत हरिविजय काव्य रचिलें. तें आज उपलब्ध नाहीं, अलंकारग्रंथांत कांहीं उतारे तेवढे उरले आहेत. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति, याचा एक ताम्रपट वाशीम येथें १९३९ मध्यें उजेडांत आला. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत आहे, आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार मात्र प्राकृतांत. मिरविण्याची भाषा एक, देण्याघेण्याची दुसरी.

या ताम्रपटाची आठवण आम्हांस गेल्या वैशाखांत निराळ्याच निमित्तानें झाली. आमची थोरली नात परिचारिकेचा अभ्यासक्रम अकोल्यास पुरा करून घरीं आली होती. एके संध्याकाळीं पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसलों असतां ती हळूच म्हणाली, "आजोबा, मला जर्मनींत जाऊन जर्मन शिकायचं आहे. तुम्ही दादाआजोबांशीं बोलाल का?"

दादा म्हणजे आमचे वडील बंधु. घरच्या पैशाअडक्याचा शब्द त्यांचा. सोयाबीनच्या दोन हंगामांतून त्यांनीं जी रक्कम बाजूस काढली होती, ती वाड्याच्या मागल्या भिंतीसाठीं होती. आणि ती भिंत गेल्या पावसाळ्यापासून बाहेर झुकली आहे, हें घरांतील लहान मुलासहि दिसतें. घरांत भांडण झालें नाहीं. पण चार दिवस पंक्तींत कोणी मोकळेपणें बोललें नाहीं, आणि आमच्या कुटुंबानें नातीच्या पानांत वाढतांना दोनदां डोळे पुसले.

त्यांत मुलीनें एक चूक आधींच केली होती. एका दलालानें तिला सांगितलें कीं, मुळाक्षरांपासून सर्व कांहीं जर्मनींतच शिक, वर्षभरांत सगळें होईल. आणि नोंदणीचे म्हणून कांहीं रुपये घेतले. ते परत आले नाहींत. दादांना हें कळलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "आधीं नीट चौकशी करून या."

म्हणून आम्ही दोघें पुण्यास निघालों. रात्रीची एस. टी. मेहकर, सिंदखेडराजा, जालना करीत गेली. मुलगी झोंपली, आम्हांस झोंप नव्हती. पूर्वीं एकदां याच वाटेनें पुण्यास गेलों असतां एका ग्रंथालयांत ब्योटलिंक व रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश आम्हीं उघडून पाहिला होता. १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत तो सेंट पीटर्सबर्ग येथें निघाला. डाव्या बाजूस आमचे ओळखीचे शब्द, पुढें अर्थ जर्मनींत! पस्तीस वर्षें संस्कृत शिकवूनहि त्या पानाचा अर्धा भाग आम्हांस मुका राहिला. हें आम्हीं घरीं कोणास कधीं सांगितलें नव्हतें. त्या रात्रीं शिरूरच्या अलीकडे मुलगी जागी झाली, तेव्हां तिला सांगितलें.

पुण्यांतील जर्मन संस्थेस मॅक्सम्युल्लर भवन म्हणतात. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारा हा पंडित हिंदुस्थानांत एकदांहि आला नाहीं, आणि त्याच्या नांवाच्या दारांतून आमचीं मुलें त्याच्या देशीं जातात! तेथें कळलेली हकीकत अशी. भाषेच्या पायऱ्या सहा: ए-१ पासून सी-२ पर्यंत. परिचारिकेस तेथें पूर्ण मान्यता मिळण्यास साधारणतः चौथी, म्हणजे बी-२ लागते. भाषेसाठीं तीन महिन्यांहून अधिक राहावयाचें तर आठवड्यास निदान १८ तासांचा अभ्यासक्रम पाहिजे, आणि राहण्याच्या खर्चाची तरतूद आधीं दाखवावी लागते. ही तरतूद दरमहा सुमारें १,००० ते १,१०० युरो, म्हणजे लाखावर रुपये. पैसे बंद खात्यांत भरतात व तेथें गेल्यावर दरमहा थोडेथोडे हातीं येतात. शिवाय भाषेसाठींचा परवाना हा नोकरीचा परवाना नव्हे. त्याचा अर्ज निराळा.

येथें आमच्यांतील शिक्षक जागा झाला. पहिल्या तीन पायऱ्या, म्हणजे शब्दरूपें, विभक्ति आणि तीन लिंगें, पुण्यासहि तितक्याच चांगल्या शिकतां येतात. त्या परदेशीं बसून घोकणें म्हणजे प्रत्येक महिन्यास लाख रुपये देऊन रामः रामौ रामाः म्हणण्यासारखें आहे. लिंगांचें तर आमच्या मुलांस भय नाहीं. तो, ती, तें आपणांस जन्मापासून आहेत.

मग जावयाचें कशासाठीं? तर ताम्रपटाच्या दुसऱ्या भागासाठीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें कुशल मनुष्यबळासंबंधीं बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशीं करार केला. मुलीचा डोळा तिकडेच. तेथील पुष्कळ भागांत घरोघर श्वाबी बोली बोलतात. पुस्तकांत लहान घरास 'हॉइसशेन', तेथें 'हॉइसले'. आमच्या वऱ्हाडांत 'मला'चें 'मले' होतें, त्याची आठवण होऊन मुलगी खुदकन हंसली. पण रुग्णालयांतील म्हातारी रात्रीं दोन वाजतां पाणी मागेल तें याच बोलींत. तें ऐकावयास शिकणें कोणत्याहि पुस्तकांतून होत नाहीं.

त्या राज्यांत श्वेबिश हाल म्हणून एक जुनें मिठागराचें गांव आहे. गेटेच्या नांवाची भाषासंस्था तेथेंहि आहे. वस्ती सुमारें चाळीस हजार, म्हणजे आमच्या वाशीमहून लहान. देवळापुढें भव्य पायऱ्या आहेत, आणि त्यांवर १९२५ पासून उन्हाळ्यांत नाटकें होतात. मोठ्या शहरांत आपलीं मुलें आपल्याच मुलांत राहतात व मराठी-हिंदी बोलत परत येतात. लहान गांवांत दुकानदारापाशीं तरी तोंड उघडावें लागतें. आम्हीं तेंच गांव सुचविलें.

घरीं परतल्यावर दादांपुढें कागद मांडला: दहा महिने पुण्यास आत्याच्या घरीं राहून बी-१, नंतर चार महिने तिकडे. खर्च वर्षाच्या हिशेबाचा तिसरा हिस्सा. आमच्या कुटुंबाचा प्रश्न निराळा होता: पोर एकटी राहील कशी? तेव्हां आम्हीं इरावतीबाई कर्व्यांचें नांव काढलें. त्या १९२८ मध्यें बर्लिनला गेल्या; स्त्रीशिक्षणासाठीं जन्म वेंचलेल्या अण्णासाहेबांचीच त्या सून, पण खुद्द अण्णासाहेबांस तें जाणें पसंत नव्हतें. "मग?" कुटुंबानें विचारलें. "मग त्या गेल्या," आमच्याऐवजीं दादाच म्हणाले, आणि त्यांनीं कागद घडी करून बंडीच्या खिशांत ठेवला.

भिंतीस सध्यां सागाचे दोन टेकू लावले आहेत. मुलगी आषाढांत पुण्यास गेली. तिनें पहिल्या धड्याची एक नक्कल आम्हांस पाठविली आहे. संध्याकाळीं पद्मतीर्थावर ती घेऊन बसतों. डेर, डी, डास येथपर्यंत आलों आहों.