थांबण्याची सोय

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. इतर माणसे बाजारात वस्तूची किंमत विचारतात. आम्ही तिचे नाव विचारतो, आणि नाव आवडले तर किमतीकडे दुर्लक्ष करतो. बायकोचे या खोडीविषयी काय मत आहे ते इथे सांगत नाही. पण 'नांगर' या शब्दाने गेल्या वर्षी मला थेट चिखलापर्यंत ओढून नेले, त्याची हकीकत मात्र सांगण्याजोगी आहे.

परवा वर्गात मी विचारले, "'त्याने नांगर टाकला' या वाक्याचा अर्थ काय?" पुढच्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, "त्याने शेती सोडली, सर." वर्ग हसला, पण मला तिचे उत्तर चूक म्हणवेना. शेतातला नांगर आणि समुद्रातला नांगर यांना आपल्या भाषेने एकच नाव देऊन ठेवले आहे. शेतातला आला संस्कृतातल्या 'लांगला'पासून. फारसीत आणि हिंदीत जहाजाच्या नांगराला 'लंगर' म्हणतात. दोन निरनिराळ्या घरांतले हे शब्द मराठीत येऊन एकाच उच्चारावर बसले असावेत, असा माझा आपला तर्क. एक नांगर जमीन उकरतो तो पुढे जाण्यासाठी, दुसरा उकरतो तो जागच्या जागी राहण्यासाठी. यापलीकडे त्यांचा काही संबंध असेल, असे मला वाटले नव्हते.

तो संबंध दाखवला आमच्या भावोजींच्या होडीने.

भावोजी निवृत्त इंजिनियर. छत्तीस वर्षे कारखान्यात काढून ते ताईला घेऊन रेवदंड्याजवळ राहायला गेले आणि तिथे त्यांनी बावीस फुटांची एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. तिचे नाव ठेवले 'टिटवी'. समुद्र आटवायला निघालेल्या टिटवीची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसानेच असे नाव ठेवावे. ताईने या खरेदीवर कधी टीका केली नाही. साठी उलटल्यावर कोणी देवळात जाऊन बसतो, कोणी सोसायटीच्या कमिटीत जाऊन भांडतो. त्यापेक्षा हे बरे, असा तिचा हिशेब असावा.

पण त्या डिसेंबरात एक प्रकार झाला. भावोजी एकटेच बाहेर गेले होते. कोर्लईच्या डोंगराजवळ वारा पडला, आणि होडीच्या पाठीशी टांगलेले छोटे इंजिनही नेमके तेव्हाच बंद पडले. पाण्याची ओढ खडकांकडे होती. होडीत चार फाट्यांचा एक लोखंडी नांगर होता, पण तो शिडांच्या पिशव्यांखाली. तो शोधून, उचलून, कठड्यावरून पलीकडे टाकीपर्यंत बराच वेळ गेला. आणि टाकल्यावर, दोर आखूड असल्यामुळे, तो तळावर नुसता टपटप उड्या मारीत होडीबरोबर चालू लागला. परतणाऱ्या एका मच्छीमार होडीने त्यांना ओढून आणले.

घरी त्यांनी यातले अक्षर सांगितले नाही. ताईला ते मासळीबाजारात कळले. गावात बातमी कळायला मासळीबाजारासारखी दुसरी जागा नाही.

ती रागावली नाही. मी त्या आठवड्यात तिकडे गेलो होतो, म्हणून मला माहीत आहे. रात्री पानावर आमटी वाढताना ती म्हणाली, "अहो, मी तुम्हाला जाऊ नका म्हणणार नाही. पण मला एवढंच सांगा, इंजिन बंद पडलं, वारा पडला, तर ती थांबते कशी? गाडीला ब्रेक असतो. हिला काय आहे?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिले. मी भाताकडे पाहिले.

"नांगर आहे ना," ते म्हणाले.

"तो होता की परवाही," ताई म्हणाली, आणि आमटीचे भांडे घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून भावोजी कामाला लागले. नवा नांगर, पुरेशी साखळी, पुरेसा दोर, आणि मुख्य म्हणजे नांगराला होडीच्या अगदी नाळेवर, पुढच्या टोकावर, कायमचे घर. हे घर म्हणजे एक रूळ. पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारे नायलॉनचे चाक. दोर किंवा साखळी त्यावरून खाली जाते, त्यावरून वर येते, आणि काम नसते तेव्हा नांगर त्याच चाकावर मान टाकून निजतो. आजोळच्या विहिरीवर रहाट बसवण्यापूर्वी काठाच्या दगडाला दोराने खाचा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. दगडाची जिथे ही गत, तिथे होडीच्या कडेची काय कथा! आणि दहा किलोंचे धूड हलत्या होडीत छातीशी धरून कठड्याशी न्यायचे, हा चौसष्टाव्या वर्षी करण्याचा व्यायाम नव्हे.

रूळ तयार विकत मिळतो, पण तो 'टिटवी'च्या नाकाला बसेना. नाकाच्या बरोबर मध्यभागी डोलकाठीला पुढून ताणून धरणारी तार बांधलेली असते. त्यामुळे रूळ वीतभर बाजूला घ्यावा लागतो, आणि तो थोडा पुढेही काढावा लागतो, नाहीतर वर येणारा नांगर होडीच्या तोंडावर आपटतो. शेवटी अलिबागकडच्या एका मिस्त्रींनी तो मापाने करून दिला. पोलाद ३१६ प्रतीचे हवे, ३०४ नको, असा भावोजींचा आग्रह. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते, म्हणून खाऱ्या पाण्यात ते अधिक टिकते. दुकानदार चुंबक लावून दाखवू लागला. चुंबक हा आपल्याकडचा लाडका न्यायाधीश. पण ३०४ आणि ३१६ या दोघांकडेही तो बहुधा सारखीच पाठ फिरवतो, त्यामुळे त्याच्या निकालाला इथे अर्थ नाही. भावोजींनी कागदपत्र मागितले.

मग भोके पाडण्याचा दिवस आला. ज्या वस्तूचा सारा धर्म पाणी आत न येऊ देणे हा, तिला आपल्याच हाताने भोक पाडायचे! भावोजींनी जन्मभर यंत्रांना भोके पाडवली. पण ड्रिल 'टिटवी'वर टेकवल्यावर त्यांचा हात एक क्षण थबकला. या होडीच्या माथ्याला वर-खाली फायबरग्लास आणि मध्ये प्लायवूड आहे. भोकातून पाणी त्या लाकडात शिरले की ते आतून कुजते आणि वरून काही दिसत नाही. म्हणून आधी हवे त्यापेक्षा मोठे भोक पाडायचे, ते एपॉक्सीने भरायचे, ती घट्ट झाली की तिच्या मध्यातून बोल्टाच्या मापाचे दुसरे भोक पाडायचे. म्हणजे बोल्टाभोवती लाकूड नाही, एपॉक्सीची भिंत. दातांचा डॉक्टर करतो तेच, फक्त इथे रोगी ओरडत नाही.

खालून जाड पोलादी पत्रा लावायचा होता. तो कशाला, असे मी विचारले. उत्तर ताईने दिले. चहा घेऊन ती प्रथमच होडीजवळ आली होती. "कोटाच्या बटणाला आतून एक छोटं बटण लावतात ना? नाहीतर ओढ बसली की बटणासकट कापड येतं." भावोजी तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी हेच मला आकड्यांत सांगण्यासाठी तोंड उघडले होते.

त्या पत्र्याखालचे नट धरायला होडीच्या नाकाडात आडवे शिरावे लागते. तिघांत मी बारीक. तेव्हा 'ज्ञानेश्वरी' शिकवणारा एक माणूस सबंध दुपार ओल्या दोरांच्या वासात पाना धरून पडला होता. वरून भावोजी फिरवीत, खालून मी अडवीत असे. ओढ रुळाने सोसायची नसते, ती मागच्या खुंटाने सोसायची. शॅकलच्या पिनेला तार गुंडाळायची, म्हणजे ती आपोआप सुटत नाही. दोराचे मागचे टोक आत बांधून ठेवायचे, म्हणजे उत्साहाच्या भरात सगळाच दोर समुद्राला अर्पण होत नाही. हे ज्ञान मला उताणे पडून मिळाले.

एपॉक्सी वाळायला वेळ लागतो, आणि रिकाम्या वेळात मास्तर पुस्तकात डोके घालतो. नवा नांगर ज्या घराण्यातला, त्याचा मूळ पुरुष १९३३ साली केंब्रिजमध्ये जन्मला. जन्मदाते जेफ्री टेलर. द्रव आणि वायू यांच्या गतीचा, त्यांतल्या खळबळीचा अभ्यास करणारे विसाव्या शतकातले एक थोर शास्त्रज्ञ. हे गृहस्थ नुसते कागदावरचे दर्यावर्दी नव्हते. १९२७ मध्ये आपल्या 'फ्रॉलिक' या शिडाच्या होडीतून ते पत्नीसह नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आले होते. त्यांची आई गणितज्ञ जॉर्ज बूल यांची मुलगी. आणि आजी त्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, ज्यांचे नाव आपल्या हिमालयाच्या शिखराला दिले गेले. आजीच्या काकांचे नाव जगातल्या सर्वांत उंच जागी, आणि नातवाचे कर्तृत्व समुद्राच्या तळाशी!

टेलरांना हलका पण घट्ट धरणारा नांगर हवा होता. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना जड लोखंड बाळगणे परवडत नव्हते. त्यांनी काय केले? नांगराला नांगराचा आकार दिला. अगदी शेतातल्या फाळाचा. आणि दांड्याला बिजागरी, म्हणजे होडी वळली तरी फाळ उखडू नये. त्याला नाव दिले 'सी. क्यू. आर.'. भरभर म्हटले तर इंग्रजीतला 'सिक्युअर', म्हणजे सुरक्षित, हा शब्द ऐकू येतो. इंग्रज लोक त्याला सरळ 'फाळाचा नांगर' म्हणू लागले. आपली भाषा आधीपासून तेच म्हणत होती! मी मोठ्या आनंदाने हे मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "नांगर तो नांगरच. त्यात त्यानं नवीन काय केलं?"

नवीन असे की नांगर वजनाने धरतो हा समज मोडला. आपल्या पूर्वजांचे नांगर दगडाचे, भोके पाडलेले. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गाच्या परिसरात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना असे नांगर सापडले आहेत. त्यांत वजनाचा भाग मोठा. फाळाचा नांगर मात्र ओढीच्या दिशेवर जगतो. ओढ आडवी असेल तर तो ओढाल तितका खोल जातो. ओढ उभी झाली की निमूटपणे वर येतो. म्हणून तर तो काढताना होडी त्याच्या डोक्यावर न्यायची आणि सरळ वर ओढायचा. ओढ आडवी ठेवण्याचा उपाय एकच: दोर सोडणे. खोलीच्या निदान पाचपट, वारा असेल तर सातपट. कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी हेच एका वाक्यात सांगितले होते की, नांगर सरकतो तो बहुतेक वेळा दोराच्या कंजुषीने. माणूस मात्र घाबरला की दोर आवळून धरतो. डिसेंबरात भावोजींपाशी सोडायला दोरच नव्हता.

परीक्षेसाठी माघी पौर्णिमेची रात्र ठरली. मुंबईच्या आसपासच्या या किनाऱ्यावर पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते, आणि उधाणाचे पाणी चार मीटरांवर चढते. संध्याकाळी सहाला ओहोटी संपताना आम्ही खाडीत गेलो. ताई धक्क्यावर उभी होती. 'येतेस का' म्हटल्यावर तिने नुसती मान हलवली.

भावोजींनी पिन काढली. नांगर चाकावरून घसरला, साखळी खडखडली, दोर गेला. कोणी काही उचलले नाही. पाणी दोन मीटर, चढेल चार, नाळेची उंची एक. सातापाचे पस्तीस मीटर सोडले. इंजिन हळूच मागे घेतले. दोर ताणला, थरथरला, आणि होडी कोणी खांद्याला धरावे तशी थांबली.

भावोजी जेवून झोपले. मी जागा राहिलो. किनाऱ्यावरचा एक दिवा आणि मागच्या माडाचा शेंडा एका रेषेत धरून मी बसलो. रेष मोडली की होडी हलली, असे गणित. मध्यरात्रीपर्यंत रेष तशीच होती. मग भरती संपली, पाणी एक क्षण उभे राहिले, आणि 'टिटवी' वळू लागली. दिवा माडापासून सुटला. चांदण्यात अख्खा किनारा सरकत होता.

होडी नांगराभोवती फिरणार, हे मला सांगून ठेवले होते. पण फिरणे आणि वाहून जाणे पहिली दहा मिनिटे सारखेच दिसते. चिखलात, सहा मीटर पाण्याखाली, तो फाळ उलटा वळून पुन्हा शिरला आहे की नाही, हे कोणाला विचारायचे? मी दोरावर तळहात ठेवला. नांगर फरपटत असेल तर दोरातून धक्के येतात, असे भावोजी म्हणाले होते. दोर आधी सैल होता. मग ताठ झाला. एक धक्का आला, आणखी एक. आणि नंतर नुसती एकसारखी ओढ. मी नवा दिवा धरला, नवे झाड धरले. अर्ध्या तासाने पाहिले, ती जोडी जागच्या जागी होती. एक तासाने पाहिले, होती. मग मला झोप लागली.

साडेसहाला भावोजींचा फोन वाजला. ताईचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"कुठे आहात?"

"काल होतो तिथेच," भावोजी म्हणाले.

खरे म्हणजे साठ-सत्तर मीटरांचा फरक पडला होता, आणि अचूकपणाची सवय असलेल्या माझ्या जिभेवर ते आलेही होते. पण ताई पलीकडे क्षणभर गप्प होती.

"बरं," ती म्हणाली, "मग पोहे भिजवते."