सात दिवस पाणी

ओल्या सिमेंटचा वास आला आणि मी थांबले. आमच्या कोथरूडात हा वास रोजचाच. बंगले पडताहेत, इमारती उठताहेत. पण त्या सकाळी तो सोनचाफ्याखालून येत होता, मागच्या गल्लीत अजून बंगलाच राहिलेल्या एका घराच्या फाटकाआडून.

मी सळ्यांतून आत पाहिलं. एक मगर, पाठीवर सायकलच्या घंट्यांच्या वाट्या ओळीनं बसवलेली. एका पायावर उभा बगळा, त्याची चोच म्हणजे शिंप्याची कात्री. म्हशीला शिंगांच्या जागी स्कूटरचं हँडल, आणि हँडलच्या आरशात माझा अर्धा चेहरा. सात वर्षं इथे राहते, पण या गल्लीत कधी वळलेच नव्हते. सगळ्यांच्या पुढे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. एक आजी त्यावर झारीनं पाणी घालत होत्या.

"काय होणार आहे हे?"

"घुबड म्हणतात हे. मला तरी कोंबडी दिसते. ये ना आत."

मला मात्र बेडूक दिसला. वाईच्या वाड्यातला, परसातल्या मोरीच्या कठड्याशी बसलेला. १९८० चा मे. मोरी दुरुस्त करून गवंडी गेला, घमेल्यात थोडा माल उरला. बाबांनी कोंबड्यांच्या खुराड्याची उरलेली जाळी चुरगाळली आणि तिच्यावर तो माल थापला. डोळ्यांसाठी माझ्याकडे दोन गोट्या मागितल्या. माझ्या सगळ्यात लाडक्या, आत हिरवी पाकळी असलेल्या. मी दिल्या.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. अर्ज करा, खेटे घाला, हाती आलेलं पोतं जपून वापरा. याच सिमेंटपायी १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्या महिन्यात नियंत्रण सैल झालं. अशा दिवसांत बेडूक! काका म्हणाले, "उपयोग काय याचा?" आई त्याहून कडक बोलली. न्हाणीघराची पायरी फुटकी ती फुटकीच राहिली होती.

पुढे कॉलेजच्या सहलीत चंदीगडला नेकचंदांची बाग पाहिली. नेकचंद सैनी रस्त्यांच्या खात्यात इन्स्पेक्टर होते. फाळणीत गाव पलीकडे राहिलेलं. १९५७ पासून नोकरीचे तास संपले की ते रानातल्या सरकारी जागेत जात आणि फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे लावून माणसं, जनावरं घडवत. कुणाला न सांगता, वर्षानुवर्षं. सरकारला पत्ता लागला तेव्हा ते पाडून टाकणं सोपं होतं. पण १९७६ मध्ये बाग लोकांसाठी उघडली, १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मैत्रिणी फोटो काढत होत्या. मी रांगांमागून रांगा बेडूक शोधत हिंडले. बाबांना असं एखादं रान मिळायला हवं होतं. त्यांना एक घमेलं मिळालं.

वाटण्या झाल्या आणि परस काकांकडे गेलं. पाण्याच्या टाकीला जागा हवी म्हणून त्यांनी बेडकावर पहार घातली. टाकी दोन हात पलीकडे सहज बसली असती. काकांशी मी त्यानंतर कामापुरतंच बोलले. ते जाऊनही आता खूप वर्षं झाली. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आजींनी झारी पुन्हा भरून घेतली.

"किती दिवस घालायचं पाणी?"

"सात तरी. मी दहा घालते. लोकांना वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नसतं गं, ते पाणी पिऊन घट्ट होतं. उन्हात एक दिवस जरी सुकलं तरी भेगा पडतात. हे काय, थापतात आणि पुढच्याला लागतात."

घरी येताना मी दिवस मोजू लागले. बाबांची बदली तेव्हा चिपळूणला. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. बेडूक रविवारी केला. म्हणजे सोमवारपासून पुढे, मे महिन्याच्या त्या उन्हात? भेग तर त्याला एकही नव्हती. पहारीचा पहिला घाव नुसता उसळून वर आला होता. काकांनी दुसरा घातला, मग तिसरा.

आई आता चौऱ्याऐंशीची, भावाकडे साताऱ्याला असते. फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "बेडकाला पाणी कोण घालायचं गं?"

कोणता बेडूक, असं तिनं विचारलं नाही.

"दुपारी गोणपाट कोरडं पडायचं. तुम्ही पोरं निजलात की घालून यायचे." मग थोडं थांबून म्हणाली, "डोळ्यांच्या खोबणीत साचायचं ते. तेवढं पदरानं टिपून घ्यायचे. तुझ्या गोट्या निखळल्या असत्या."