गॅल्व्हस्टन : वादळाच्या वाटेवरचे बेट

अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील ह्यूस्टन नगरापासून आग्नेयेस सुमारे ८० किलोमीटर गेले की मुख्य भूमी संपते, आणि एका लांब पुलावरून वाहने गॅल्व्हस्टन बेटावर उतरतात. मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने पसरलेले हे बेट सुमारे ४३ किलोमीटर लांब आहे. रुंदी मात्र फार तर पाच किलोमीटर. आम्ही येथील रस्त्यांवरून हिंडलो तेव्हा प्रथम नजरेत भरल्या त्या निळ्या पाट्या. ‘वादळात या दिशेने बाहेर पडा’ असे त्या सांगतात. ज्या गावी पळून जाण्याची वाट बारमाही दाखवून ठेवावी लागते, त्या गावाचा इतिहास काय असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

शनिवार, ८ सप्टेंबर १९०० रोजी येथे जे चक्रीवादळ आले, त्याने घेतलेल्या बळींची नेमकी गणती कधीच झाली नाही. किमान ६,०००, बहुधा ८,००० माणसे बुडाली, असे मानतात. अमेरिकेच्या इतिहासात याहून प्राणघातक नैसर्गिक संकट झालेले नाही. तेव्हा शहरातील सर्वांत उंच जागादेखील समुद्रसपाटीपासून नऊ फूट नव्हती, आणि पाणी तर पंधरा फुटांवर चढले. मुख्य भूमीकडे जाणारे पूल वाहून गेले. निघायचे असते तर आधी निघायला हवे होते. पण उधाण किती चढेल याची कल्पना लोकांना आलीच नाही.

त्या दिवशी समुद्रकाठच्या सेंट मेरी अनाथाश्रमात दहा धर्मभगिनी आणि त्र्याण्णव मुले होती. पाणी चढू लागले तेव्हा भगिनींनी कपडे वाळत घालण्याच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले आणि मरियामातेचे गीत म्हणत त्या पाण्याला सामोऱ्या गेल्या. दहाही भगिनी व नव्वद मुले मृत्यू पावली; तीन मोठे मुलगे एका तरंगत्या झाडाला धरून वाचले. ८ सप्टेंबर हा मरियामातेच्या जन्माचा सण. आमच्या गोव्यातही तो साजरा होतो. त्याच दिवशी त्या भगिनींच्या संघात, जगात जेथे जेथे त्यांचे मठ आहेत तेथे, तेच गीत आजही गायिले जाते.

वाचलेल्यांनी बेट सोडले नाही. त्यांनी १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीची समुद्रभिंत उभारली. पुढे ती वाढत वाढत दहा मैलांवर गेली. पण एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी सबंध शहरच उचलले. दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर घेतल्या आणि खाली समुद्रातील वाळू व गाळ पंपाने भरला. सुमारे ३,००० टन वजनाचे सेंट पॅट्रिक चर्चही पाच फूट वर उचलले गेले. हे काम १९११ पर्यंत चालले. तोवर लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करीत. १९१५ साली तशाच तोलाचे वादळ आले, तेव्हा भिंतीमागचे शहर तगले.

परंतु भिंत हे सर्वस्व नव्हे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथील वादळांचा हंगाम. ताशी १७८ किलोमीटर किंवा अधिक वेगाच्या वाऱ्याच्या वादळाला तेथे ‘मोठे’ म्हणतात. तशी वार्ता आली की गावात लगबग उडते. खिडक्यांवर प्लायवुडचे तक्ते ठोकले जातात. अंगणातील खुर्च्या-कुंड्या आत येतात, कारण वाऱ्यात कुंडीही तोफगोळ्यासारखी येते. घराचे कागद, औषधे, विजेरी, पिण्याचे पाणी, रोख पैसे यांचे गाठोडे बांधून होते. मोटारीची टाकी भरली जाते. ‘वाऱ्यापासून लपा, पण पाण्यापासून पळा’ अशी तेथील शिकवण आहे. वाऱ्याला भक्कम घर अडवू शकते, उधाणाला नाही.

सर्व लोक बेटाबाहेर धावतात, त्या वेळी एक वर्ग मात्र वादळाच्या दिशेनेच निघण्याची सिद्धता करीत असतो. तो म्हणजे मालमोटारींचे चालक. पाण्याच्या बाटल्या, बर्फ, ताडपत्र्या, विजेची जनित्रे आणि विशेषतः पेट्रोल हे सर्व त्यांच्याच चाकांवरून येते. तेथील मोठ्या मालमोटारीचा मागचा डबा ५३ फूट लांब असतो आणि तिची एकंदर उंची साडेतेरा फूट. रिकामी असली की ही भिंत वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि गाडी पुलावर आडवी होते. म्हणून जाणता चालक उंच पूल वेळीच ओलांडतो, नाहीतर भक्कम इमारतीच्या आडोशाला थांबतो. एरवी त्याने दिवसाच्या चौदा तासांत अकराच तास गाडी हाकावी असा नियम आहे. संकटकाळी मदत नेणाऱ्यांना तो सरकार शिथिल करते. पण कायदा सवलत देतो, डोळ्यांवरची झोप देत नाही. तो हिशेब चालकाला स्वतःशीच करावा लागतो.

हे पेट्रोल किती मोलाचे असते ते २००५ च्या सप्टेंबरात दिसले. महिन्यापूर्वीच कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडविले होते. त्यामुळे रिटा वादळ येताच ह्यूस्टन व किनाऱ्यावरील पंचवीस लाखांच्या आसपास लोक एकाच वेळी रस्त्यावर आले. मैलोगणती मोटारी खोळंबल्या, कडक उन्हात टाक्या रिकाम्या झाल्या, इंधनाच्या गाड्यांनाही त्या गर्दीतून वाट मिळेना. वृद्धाश्रमातील रहिवाशांना घेऊन निघालेली एक बस डॅलसजवळ पेटली व तेवीस जण दगावले. टेक्ससमधील मृतांपैकी बहुसंख्य या पळापळीतच गेले, आणि वादळ स्वतः पूर्वेकडे वळले! त्यानंतर नियम झाले : किनाऱ्यालगतच्यांनी प्रथम निघावे, आतील गावांनी त्यांना वाट द्यावी.

त्याची उलट बाजूही आहे. १३ सप्टेंबर २००८ रोजी आइक वादळ गॅल्व्हस्टनवर आले. ‘आमची भिंत आहे’ या भरवशावर हजारो लोक घरातच राहिले. भिंतीने समोरचा समुद्र अडविला खरा, पण पाणी मागच्या खाडीतून शहरात शिरले. रिटाच्या वेळी व्यर्थ पळालो, ही आठवण काहींच्या पायांत बेडी होऊन राहिली होती.

आम्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांना हे ऐकून दूरचे वाटू नये. २०२० साली ‘निसर्ग’ कोकणात आले. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ने गोव्याला झोडपले. आमच्याकडे गॅल्व्हस्टनसारखी भिंत नाही, पण तिच्या रहिवाशांचे शहाणपण उचलायला पैसे पडत नाहीत. कागदपत्रे एका पिशवीत असावीत. शेजारच्या एकट्या म्हातारीला कोण नेणार, हे आभाळ निरभ्र असतानाच ठरावे. वाडीत ज्याच्यापाशी टेंपो वा ट्रक आहे त्याला आधीच विचारून ठेवावे, आणि त्याची टाकी भरण्याचा भार सर्वांनी वाटून घ्यावा. निघा म्हटले की निघावे. वादळ वळले तर घरी परतून खुशाल हसावे. अनाथाश्रमाच्या भगिनींपाशी अखेरीस फक्त एक दोरी उरली होती. आमच्यापाशी अजून वेळ आहे.