दादाच्या कळा

दिवाळीच्या साफसफाईत माणूस काय फेकून देईल ह्याचा नेम नाही. आमच्या आईने एकदा वडिलांचा चष्मा रद्दीबरोबर घालवला, आणि वडील पुढे आठ दिवस पंचांग हातभर लांब धरून वाचत होते. मी तिचाच मुलगा. २०२२ च्या दिवाळीत संगणकातली अडगळ काढायला बसलो आणि दादाच्या कळा फेकून बसलो.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ नावाचा खेळ काढला. हे नाव आपल्याकडे कुणाच्या जिभेवर बसावे? त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफामुळे सारे त्याला ‘मुस्तफा’च म्हणत. काही ना काही काम काढून दिंडोरीहून नाशिकला जायचे आणि शालिमारजवळच्या एका अंधाऱ्या पार्लरमध्ये खिशातली नाणी संपेपर्यंत उभे राहायचे, हा दादाचा आणि माझा गुपित उद्योग होता. मुस्तफा नेहमी दादाचा. मी उरलेला कुणीतरी.

पुढे पार्लर गेले, शेत वाटले गेले, आणि वाटणीत जे व्हायचे ते आमच्याही घरी झाले. बांधावर समोरासमोर आलो तरी बोलत नव्हतो. मग एके दिवशी कडबाकुट्टीत दादाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटे गेली. मी दवाखान्यात जाऊन बसलो खरा, पण बोलायला विषय सुचेना. तो विषय २०१६ च्या दिवाळीत माझ्या मुलाने दिला. त्याने संगणकावर ‘मेम’ घातले.

मेमचा मेमसाहेबांशी काही संबंध नाही. इटलीच्या निकोला साल्मोरिया ह्या गृहस्थाने ५ फेब्रुवारी १९९७ रोजी लोकांपुढे ठेवलेली ही एक प्रणाली. पार्लरमधल्या जुन्या यंत्राचे सोंग ती इतके हुबेहूब वठवते की खेळाला आपण लाकडी पेटीत नसून मास्तरच्या टेबलावर आहोत ह्याचा पत्ताच लागत नाही. मुस्तफाच्या मूळ यंत्रात एक बॅटरी असते. ती संपली की आतल्या एका चिपची गुप्त किल्ली पुसली जाते, आणि यंत्र कामातून जाते. तेव्हा सोंग का होईना, ते टिकायला हवे. (खेळाच्या फाइली मेमबरोबर मिळत नाहीत. त्या आमच्याकडे कुठून आल्या हे मास्तरला विचारू नये.)

मेममध्ये टॅब दाबला की कळांची वाटणी बदलता येते. ही वाटणी मात्र आम्ही भांडण न करता केली! दोन संध्याकाळ बसून मुलाने चालण्याच्या कळा डाव्या हाताखाली आणल्या, ठोसा उजव्या अंगठ्याखाली स्पेसवर ठेवला आणि उडी करंगळीजवळच्या एंटरवर. तेव्हापासून दर पाडव्याला दादा येऊ लागला. तक्रार एकच : “मी दाबतो, अन् हा गडी जरा उशिरा ऐकतो.”

नव्या आवृत्तीत हा विलंब कमी करण्याची सोय आहे असे कळले, म्हणून मी सुधारणेस प्रवृत्त झालो. खेळांचा ‘रोम्स’ हा फोल्डर तेवढा बाजूला काढला, बाकीचे जुने सारे पुसले आणि नवे मेम बसवले. मौल्यवान वस्तू रोम्समध्येच असणार अशी माझी समजूत. प्रत्यक्षात कळांची वाटणी ‘सीएफजी’ नावाच्या निराळ्या फोल्डरात राहते, यंत्राची स्वतःची आठवण ‘एनव्हीरॅम’मध्ये, आणि कुठे काय ठेवले ह्याची यादी ‘मेम.आयएनआय’मध्ये.

पहिला अडथळा निराळाच आला. मुस्तफा सुरूच होईना. डीएल-१४२५ नावाची एक चिमुकली फाइल मागू लागला. २०१८ पासून मेम त्या खेळाच्या आवाजाच्या चिपमधला मूळ मजकूरही मागते, कारण तो आता खरोखर वाचला गेला आहे. मला नाथांची आठवण झाली. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा कुणाकुणाच्या घरच्या पोथ्या अशाच अपुऱ्या ठरल्या असतील.

ती फाइल मुलाने मिळवली. पाडव्याला दादा आला, हात ठेवला, आणि मुस्तफा जागचा हलेना. चारी बाजूंनी मार खात उभा राहिला. मी ओशाळून सारा प्रकार सांगितला. दादा द्राक्षबागायतदार माणूस, म्हणाला, “अरे, छाटणीत काडी कापतात. तू खोडच उपटलंस.” चहा घेऊन तो निघून गेला.

मुलाने पूर्वी तो सारा जुना फोल्डर पेनड्राइव्हवर घालून वणीच्या एका मित्राला दिला होता, हे वर्षभराने त्याला आठवले. ह्या वेळी मी हात लावला नाही. मुलाने नव्या आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर दिला, जुन्याला जुन्या जागी राहू दिले, आणि लागेल तेवढेच इकडून तिकडे नकलून आणले. कळांची जुनी फाइल नव्या मेमने पुरती स्वीकारली नाही. पण ती साध्या अक्षरांतली असते. नोटपॅडमध्ये उघडून आम्ही ती वाचली आणि एकेक कळ टॅबमधून पुन्हा लावली.

२०२३ च्या पाडव्याला दादाला बोलवायला मी स्वतः गेलो. तो आला, खुर्ची ओढून बसला, अंगठा स्पेसवर टेकवला. पिवळी टोपी धावत सुटली.

“आता ऐकतो,” दादा म्हणाला. मग पडद्यावरून नजर न काढता, “तू कोण घेतोस?”

“उरलेला,” मी म्हणालो.