आधी हौद भर, मग पाकिटं

प्रिय दत्ता,

ताईने तुला फोन केला नाही, कारण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणतोस आणि मनात असेल तेच करतोस. म्हणून हे पत्र. वहिनीसमोर वाच.

विचारलंस एवढंच, की भरतीच्या अकॅडमीतल्या मुलांसाठी ओआरएसची पाकिटं घाऊक घ्यावीत की त्या रंगीत पावडरचे डबे. भरतीच्या सोळाशे मीटर धावेसाठी दोन्ही नकोत. पाच-सहा मिनिटांच्या पळण्यात फार तर पेलाभर घाम जातो. ग्राउंडच्या दिवशी पोरगा घरून नीट जेवूनखाऊन, पाणी पिऊन आला की झालं. ताईची झोप उडाली ती तू सोबत पाठवलेल्या व्हिडिओमुळे. एप्रिलचा परभणी जिल्हा, डांबरी रस्ता, पायाखाली आखूड झालेल्या सावल्या आणि मागून तुझा आवाज, ‘पळताना पाणी नाही, नंतर अख्खी बाटली एका दमात!’ दत्ता, शंभर वर्षांतल्या दोन मोठ्या चुका तू एका वाक्यात बसवल्यास.

पहिली चूक जुनी. 30 ऑगस्ट 1904 रोजी सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन भर दुपारी सुरू झाली. पारा 32 अंशांच्या आसपास, रस्त्यावर धुरळा, आणि पाणी मिळण्याची सोय मुद्दामच कमी ठेवलेली. संयोजक जेम्स सुलिव्हन यांना तहानलेल्या शरीराचं काय होतं ते पाहायचं होतं. 32 जण पळाले, 14 पोचले. विजेत्या थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजून कसंबसं ओढत आणलं. पाण्यावाचून माणूस कणखर होतो, ही समजूत त्यानंतरही फौजांत टिकून होती. तू तिथूनच ती घेऊन आलास, म्हणून तुला फौजेचंच उदाहरण देते. दुसऱ्या महायुद्धात एडवर्ड अ‍ॅडॉल्फ या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. 1947 मध्ये ते पुस्तकरूपाने आले. कमी पाण्यात भागवायची सवय शरीराला लावता येत नाही, हे त्यांत स्पष्ट दिसलं. उन्हाची सवय लागते, तहानेची लागत नाही. नायक साहेब, एवढं वाक्य अकॅडमीच्या भिंतीवर लिहा.

दुसरी चूक नव्या जमान्याची, आणि ती शिकल्यासवरलेल्यांनी केली. तहान लागेपर्यंत थांबू नका, पोटात मावेल तेवढं प्या, असा सल्ला 1990 च्या दशकात सर्रास दिला जाई. त्याआधीच, 1985 मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी चार खेळाडूंची हकीकत छापली होती. लांब पल्ल्याच्या शर्यतींत ते कोसळले होते, आणि त्यांच्या अंगात पाणी कमी नव्हतं, जास्त होतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 28 वर्षांची सिंथिया लुसेरो अशीच गेली. ती साधं पाणी नाही, स्पोर्ट्स ड्रिंक पीत होती. त्याच शर्यतीतल्या 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, तर 13 टक्क्यांचं सोडियम लिटरला 135 मिलिमोल किंवा त्याखाली उतरलेलं. त्यांच्यातला सगळ्यांत ठळक धागा कोणता? शर्यतीनंतर वजन वाढणं. पळून आलेल्या माणसाचं वजन वाढतं, विचार कर!

हे होतं कसं? रक्तात सोडियम लिटरला 135 ते 145 मिलिमोल. घामात साधारण 20 ते 80. बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये वीसच्या आसपास. म्हणजे ते रंगीत पाणीही रक्ताच्या मानाने पातळच, आणि ढोसलं की रक्त पातळच होणार. एरवी मूत्रपिंड तासाला पाऊण-एक लिटर पाणी बाहेर टाकतं, पण जोराच्या श्रमात व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक ते दार लावून घेतं. मग पाणी पेशींत शिरतं, मेंदूच्या पेशींतही. डोकं दुखतं, उलटी होते, पोरगा असंबद्ध बोलतो. आणि बघणारा म्हणतो, ‘ऊन लागलं, अजून पाणी पाज!’ ताईला भीती आहे ती या ‘अजून पाज’ची.

म्हणून तहान लागेल तेव्हा, तहान भागेल एवढं. मैदानाच्या कडेला माठ ठेव, कुणालाही कधीही जाऊ दे. तासा-दीड तासाचा सराव असेल तेव्हा आधी आणि नंतर वजन कर. किलोभर उतरलं तर लिटरभर घाम गेला, तो दिवसभरात सावकाश भरून निघतो. उलट वाढलं असेल, तर त्या पोराची बाटली काढून घे.

आता मीठ. लिटरभर घामात साधारण ग्रॅमभर सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, अर्धा चमचा. तुझी पोरं भाकरी, ठेचा, वरण खातात. तेवढं मीठ दोन जेवणांत परत येतं. सराव लांबला तर मीठ घातलेलं ताक दे, लिंबूपाणी दे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, त्यामुळे घामाची भरपाई त्याने होत नाही, कितीही महाग असलं तरी. मिठाच्या गोळ्या मात्र कपाटातून काढून टाक.

ओआरएसला नावं ठेवू नकोस पण. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं, आणि कॉलऱ्याचे मृत्यू तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांखाली आले. ते औषध आहे, जुलाबासाठी मोजून केलेलं, लिटरला 75 मिलिमोल सोडियम. अख्खं पाकीट पेल्यात घोळून पिणारी पोरं तुझ्याकडेही असतील, त्यांना आवर. आणि नावात ओआरएस लिहिलेली गोड पेयं दुकानांत कितीतरी वर्षं विकली गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती नावं बंद केली. जुना माल कुणी स्वस्तात गळ्यात मारू पाहील, घेऊ नकोस.

पण दत्ता, पाणी-मीठ सगळं जागच्या जागी असूनही माणूस उन्हाने जातो, आणि तुला कळायला हवं ते हेच आहे. पळताना खर्च होणाऱ्या शक्तीचा तीन चतुर्थांश भाग उष्णताच होतो. ती बाहेर पडली नाही तर अंगाचं तापमान दर पाच-सात मिनिटांनी अंशाने चढतं. लिटरभर घाम वाळला तर 580 किलोकॅलरी घेऊन जातो, नुसता निथळला तर काहीच नेत नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो वाळतो. मुंबईच्या जूनमध्ये निथळतो. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटरच्या धावेत उमेदवार दगावले, तेव्हा तू रजेवर घरी होतास. पेपर तूच वाचून दाखवला होतास. नंतर अंतर कमी झालं. पण तुझा सराव अंतरावर कुठे थांबतो? तुझी पोरं आठ-आठ किलोमीटर पळतात, तीही दहा वाजल्यानंतर, कारण सकाळी काहींना दूध घालायला जावं लागतं. अडचण खरी आहे. मग त्यांची तुकडी संध्याकाळी सहानंतर घे. नव्या मुलाला पहिले दहा-चौदा दिवस थोडं थोडं वाढवत पळव, शरीराला उन्हाची ओळख व्हायला तेवढे लागतात. तापातून उठलेल्याला पळवूच नकोस, त्याने कितीही गयावया केली तरी.

आणि पाकिटांच्या पैशांतून हौद भर. अमेरिकेत फॅल्मथ गावाची सात मैलांची शर्यत ऑगस्टमध्ये होते. तिथे 18 वर्षांत उष्माघाताचे 274 रुग्ण झाले. सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं. सगळे वाचले. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या, असा तिथला क्रम. आपल्याकडे पोराला जीपमध्ये घालून तालुक्याला पळवतात, आणि ती चाळीस मिनिटं मेंदू शिजत राहतो.

गुरांच्या पाण्याचा रिकामा हौद मैदानाजवळ आण. सरावाच्या दिवशी बर्फाची एक लादी गोणपाटात गुंडाळून ठेव. पळता पळता कुणी झोकांड्या खाऊ लागला, वेड्यासारखं बोलू लागला, की कपडे उतरव आणि गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात घाल. डोकं धरून एक जण बसेल, दुसरा रुग्णवाहिका बोलावेल. काखेतला थर्मामीटर अशा वेळी फसवतो, त्याच्या आकड्यावर विसंबू नकोस. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एकदा मैदानावर बोलव, हौद दाखव, कुणाला कधी फोन करायचा ते ठरव. त्यांच्याशी तुझं वाकडं आहे हे ठाऊक आहे. तरी जा.

हौदाचे पैसे ताई पाठवते. सरावाचं नवं वेळापत्रक मात्र रविवारच्या आत पाहिजे, वहिनीच्या हस्ताक्षरात.

तुझी,
ताई