भिंतीतली पाहुणी

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागले, की कोंढाळी मागे पडते आणि संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर पाहात आपण वर्धा जिल्ह्यातील कारंज्याला पोचतो. लाडांचे कारंजे वाशीम जिल्ह्यात, हे घाडग्यांचे. येणारा जाणारा येथे चहा घेतो नि पुढे निघतो. मी थांबलो तो गवळाऊ गाईसाठी. पांढरी, अंगाने शेलाटी, पायाची चपळ अशी ही वर्ध्याकडची जात. मराठ्यांच्या फौजांचे सामान हिच्याच बैलांनी ओढले असे सांगतात. तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी केंद्रही आहे.

पण गाय पाहायला गेलो आणि गोचीड पाहून आलो!

एका म्हाताऱ्या गवळ्याच्या कोठ्यात (गोठ्याला इकडे कोठाच म्हणतात) मी गाईच्या कासेपाशी वाकलो होतो. तो हसून म्हणाला, "ढोराले काय पाह्यता भाऊ? भितीकडं पाहा. ते भितीत रायते." मातीच्या भिंतीची एक खपली त्याने काडीने उचकटली. आत तपकिरी गोचिडी दाटीने बसलेल्या. पायांवर फिकट पट्टे, जणू वाळे घातलेले.

शास्त्रज्ञ हिला हायलोमा अ‍ॅनाटोलिकम म्हणतात. हायलोमा म्हणजे काचेचा डोळा. अ‍ॅनाटोलिया म्हणजे तुर्कस्थान. उत्तर आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंत आणि इकडे हिंदुस्थानापर्यंत कोरड्या, उन्हाळ मुलखात तिचा संसार पसरला आहे. गुरांवरची दुसरी नेहमीची गोचीड सारे बालपण एकाच जनावराच्या अंगावर काढते. ही तशी नव्हे. रक्त पिऊन टच्च फुगली, की खाली पडते, फटीत शिरते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. पिल्ले सहा पायांची. ती जनावर गाठतात, पितात, वाढतात, अंग सोडून पुन्हा फटीत जातात, कात टाकतात आणि आठ पायांनी नव्या यजमानाकडे निघतात. उपाशीपोटी महिनोन्महिने वाट पाहण्याची तिची तयारी असते. म्हणून नुसते गाईला औषध चोळून भागत नाही. फटी लिंपाव्या लागतात.

गुरांत ती थायलेरियाचा ताप पसरवते. संकरित गाय त्याने पटकन दगावते. गवळाऊसारखी गावरान बरेचदा तगून जाते. दुधाच्या हिशेबात ही गोष्ट कोणी मांडत नाही, हे मला नवलाचे वाटते.

माणसाचा प्रश्न याहून वाईट. क्रिमियात 1944 साली आणि काँगोत 1956 साली आढळलेला रक्तस्रावी ताप हायलोमाच्या जातीच पसरवतात. आपल्याकडे तो पहिल्यांदा जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत, अहमदाबादजवळ ओळखला गेला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. आजारी बाई तर गेलीच, पण तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. पुढे गुरांचे रक्त तपासले, तेव्हा कितीतरी राज्यांत या विषाणूच्या खुणा निघाल्या. गाईला मात्र काहीच होत नाही! ती रवंथ करीत असते आणि विषाणू तिच्या रक्तातून गोचिडीत, गोचिडीतून माणसात जातो. सर्वत्र वापरावी अशी लस अजून नाही. माकडतापाचे नाव 1957 पासून गाजते आहे. 2016 साली सिंधुदुर्गात तो आला तेव्हा वर्तमानपत्रे भरून गेली. त्याची गोचीड जंगलातली, वेगळ्या जातीची. ही कोठ्यातली मात्र कोणाच्या बोलण्यात नाही.

गवळ्याची सून गाईच्या कानामागून एकेक गोचीड ओढून नखावर चिरडत होती. नखाशी चीर असली, तर विषाणूला तेवढी वाट पुरे होते. मी तसे सांगितले. तिने सासऱ्याकडे पाहिले. सासरा म्हणाला, "आयकून घे वं." मग तिने रॉकेलचा डबा पुढे ओढला आणि चिमट्याने एकेक त्यात टाकू लागली. दोन कोंबड्या मात्र खाली पडलेल्या बोटभर अंतरावरून टिपत होत्या. त्यांना कुणी हाकलले नाही. भिंतीला शेणमातीचा हात दिवाळीआधी फिरणार होता.